फॉन्टांच्या संचाबरोबर आणखी कोण आले? टोरेंट, क्रॅक आणि आगंतुक सॉफ्टवेअरची गोष्ट

गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने बेळगावच्या डीटीपी दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. मंडळांचे अहवाल, वर्गणीची पावतीपुस्तके, शुभेच्छांचे फलक ही सगळी कामे एकदम अंगावर येतात आणि त्यांतील बरीचशी मराठीबरोबर कन्नडमध्येही करून द्यावी लागतात. अशाच एका हंगामात शहापुरातील एका परिचित दुकानदारांनी मला बोलावून घेतले. संगणक सुरू केल्याबरोबर त्याचा पंखा जोरात फिरू लागे, कोरलड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरची साधी फाइल उघडायला चार-पाच मिनिटे लागत, ब्राउझरमध्ये गूगलच्या जागी कधी न पाहिलेले शोधपान येई आणि पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती एकामागून एक उगवत. आठवडाभरापूर्वी त्यांनी टोरेंटवरून देवनागरी आणि कन्नड फॉन्टांचा एक मोठा संच उतरवून घेतला होता. "फॉन्टच तेवढे घेतलो की हो सर, दुसरं काय केलो नाही," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते अगदी खरे होते.

त्यांनी जे केले नव्हते ते त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच बोटाने कसे करवून घेतले गेले, हे समजून घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी संगणक शिकवतो आणि त्या निमित्ताने उद्यमबागेतील लहान कारखान्यांत, निपाणी-खानापूरच्या छापखान्यांत आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत माझे जाणे होते. हीच तक्रार मला थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकायला मिळते आणि तिचे मूळही बहुधा एकच निघते.

भजनी मंडळाची वही

एखाद्या गावातील भजनी मंडळाकडे शंभर पानांची अभंगांची एकच जुनी वही आहे आणि वीस जणांना तिची प्रत हवी आहे, असे समजा. वीसही जण वहीच्या मालकाकडे रांग लावून बसले तर महिना जाईल. त्याऐवजी मालकाने प्रत्येकाला वेगवेगळी पाच पाने उतरवून घ्यायला दिली आणि मग सर्वांनी आपापली पाने एकमेकांना दाखवून उरलेली लिहून घेतली, तर थोड्याच दिवसांत वीस वह्या तयार होतील. मूळ मालक मध्येच गावाला गेला तरी काम अडणार नाही. इंटरनेटवर एका मोठ्या केंद्रावर अवलंबून न राहता लोकांनी आपल्या संगणकांतून एकमेकांना फाइल देण्याची जी पद्धत आहे, ती नेमकी अशीच चालते.

या पद्धतीचा गाजावाजा १९९९ मध्ये नॅपस्टरपासून सुरू झाला. नॅपस्टरमध्ये कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी एका ठिकाणी ठेवलेली असे, त्यामुळे स्वामित्वहक्काच्या खटल्यानंतर २००१ मध्ये ते बंद पाडता आले. त्याच सुमारास काझा, लाइमवायर यांसारखे प्रोग्रॅम आले आणि २००१ मध्येच ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने बिटटोरेंट ही पद्धत तयार केली. आपण ज्याला टोरेंट म्हणतो ते हेच. यात फाइलचे लहान लहान तुकडे केले जातात, ते अनेकांकडून एकाच वेळी येतात आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपला संगणक त्याच वेळी पुढच्यांना देत राहतो. या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

शिक्का सारखेपणाचा आहे, शुद्धतेचा नाही

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येऊ. टोरेंट जाणणारे अनेक जण मला सांगतात की त्यात प्रत्येक तुकडा तपासला जातो, म्हणून मधल्या मध्ये कोणी काही घुसडू शकत नाही. हे खरे आहे. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा आधीच नोंदवलेला असतो. माणसाच्या अंगठ्यासारखाच हा ठसा त्या तुकड्यापुरता वेगळा असतो आणि तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. आलेल्या तुकड्याचा ठसा नोंदीशी जुळला नाही तर प्रोग्रॅम तो फेकून देऊन दुसरीकडून मागवतो.

परंतु हा ठसा सांगतो इतकेच की पहिल्या माणसाने जे ठेवले होते ते जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोहोचले. पहिल्या माणसाने काय ठेवले होते याबद्दल तो काहीही बोलत नाही. भजनी मंडळाच्या मूळ वहीतच कोणी खोट्या कर्जरोख्याचे एक पान शिवून ठेवले असेल, तर वीस जण जितक्या काळजीने नक्कल करतील तितक्या निर्दोषपणे ते पान वीसही वह्यांत उतरेल. एखाद्या टोरेंटवर हजारो लोक तुकडे वाटत बसले आहेत हे पाहून आपल्याला विश्वास वाटतो. प्रत्यक्षात त्या आकड्याचा अर्थ एवढाच असतो की एकाच मूळ प्रतीच्या हजारो नकला उपलब्ध आहेत. त्या हजारांपैकी कोणी मूळ प्रत उघडून तपासली आहे, असे त्यातून निघत नाही. शिवाय यादीत दिसणारा हा आकडा खोटाही फुगवता येतो.

आगंतुक म्हणजे नेमके कोण?

आपण हवे म्हणून न मागवलेला, दुसऱ्या कशाच्या तरी सोबत येऊन संगणकात ठाण मांडणारा आणि आपल्यापेक्षा दुसऱ्याच कोणाचे काम करणारा जो प्रोग्रॅम, त्याला या लेखापुरते मी आगंतुक सॉफ्टवेअर म्हणतो. त्याच्या अनेक जाती आहेत. जाहिराती दाखवणारा आणि ब्राउझरचे शोधपान बदलणारा हा त्यांतला सौम्य प्रकार. आपण कोठे काय पाहतो याची नोंद बाहेर पाठवणारा त्याहून वाईट. आपल्या संगणकाची ताकद आणि आपली वीज वापरून दुसऱ्यासाठी आभासी चलन तयार करणारा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा आणि सगळ्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हे उघडउघड गुन्हेगारीचे प्रकार होत. शहापूरच्या दुकानात पहिला आणि तिसरा असे दोन प्रकार एकत्र नांदत होते. पंखा सतत का फिरत होता आणि कोरलड्रॉ का रखडत होते याचे उत्तर तिसऱ्यात होते.

यांतील सौम्य प्रकाराची हकीकत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्याची वाट त्याने मोकळी करून दिली. काझा फुकट मिळे, पण त्याच्या सोबत जाहिरातींचे अनेक प्रोग्रॅम संगणकात शिरत आणि काझाच्या मालकांना त्यांचे पैसे मिळत. लोकांनी कंटाळून ही सोबतची गर्दी काढून टाकलेली काझाची अनधिकृत आवृत्तीही काढली होती. पुढे या सोबतीचा रीतसर बाजारच तयार झाला. फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्याने सोबत दुसऱ्याचा प्रोग्रॅम घालायचा आणि तो जितक्या संगणकांवर बसेल तितक्या डोक्यांमागे दलाली घ्यायची, असा तो व्यवहार आहे. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका संगणकामागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर आढळले आणि अशा उतरवणुकींबद्दल गूगलला आठवड्याला ६ कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते, असे नोंदवले आहे. म्हणजे फॉन्टांचा तो संच ज्याने टोरेंटवर ठेवला त्याला आपल्या मराठी-कन्नड फॉन्टांशी काही देणेघेणे असण्याची गरज नव्हती. त्याच्यासाठी फॉन्ट हे आमिष होते आणि दुकानातील संगणक ही कमाई.

न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही

मग हे सगळे बेकायदेशीर म्हणून थांबवले का जात नाही? कारण यातील बराचसा भाग आपल्या संमतीने होतो. प्रोग्रॅम बसवताना एकामागून एक चौकटी येतात, त्यांत इंग्रजीत बारीक अक्षरांचा मजकूर असतो, काही खुणा आधीच केलेल्या असतात आणि पुढे जाण्याचे बटण मोठे व रंगीत असते. "शिफारस केलेली" पद्धत निवडली की सोबतचे चारही प्रोग्रॅम आत येतात. "स्वतः निवडा" ही पद्धत राखाडी अक्षरांत लपवलेली असते आणि खुणा तेथेच काढता येतात. नकाराचे बटण कधी कधी संपूर्ण प्रक्रियाच रद्द होईल असे भासवणारे असते, त्यामुळे माणूस ते दाबत नाही.

सीमाभागातील मराठी माणसाला न कळणाऱ्या भाषेतील कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शेताच्या पहाणीवरील, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरील, नोंद असो किंवा तालुका कचेरीतून आलेली नोटीस, ती कन्नडमध्ये असली तर आमच्याकडची म्हातारी माणसे शेजारच्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाकडून ती शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवत नाहीत. ही सावधगिरी दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. मात्र तीच घरची तरुण मुले संगणकावरील इंग्रजी करारावर एका क्षणात पाच वेळा "पुढे" दाबतात. तेथे दाबलेले बटण हीसुद्धा सहीच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्या दुकानदारांनीही फॉन्ट बसवणारा म्हणून जो प्रोग्रॅम चालवला त्यात तीन ठिकाणी संमती दिली होती. खरे तर फॉन्ट बसवायला वेगळा प्रोग्रॅम लागतच नाही. फॉन्टच्या फाइलवर उजवी कळ दाबून ती बसवता येते. फॉन्टांच्या संचात "सेटअप" नावाची फाइल दिसणे हीच पहिली धोक्याची खूण होती.

संमतीच्या याच आडोशामुळे अँटिव्हायरस कंपन्यांनाही जपून बोलावे लागले. अशा प्रोग्रॅमांना सरळ "व्हायरस" न म्हणता "संभाव्य नकोसे प्रोग्रॅम" असा लांबट शब्द रूढ झाला. अमेरिकेतील झँगो या जाहिरात-सॉफ्टवेअर कंपनीने आपला प्रोग्रॅम अडवला म्हणून कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर खटलाच भरला होता आणि २००९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कोठे असे प्रोग्रॅम अडवण्याचा मार्ग अधिक निर्धोक झाला.

वेष पालटण्याच्या काही तऱ्हा

संमतीचा देखावाही न करता आत शिरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी असते. विंडोज ओळखीच्या फायलींच्या नावातील शेवटची अक्षरे मुळात दाखवत नाही. त्यामुळे "चित्रपट.एमपी४.ईएक्सई" अशा नावाची फाइल आपल्याला केवळ "चित्रपट.एमपी४" अशी दिसते. तिला व्हिडिओचे चित्रही चिकटवलेले असते. आपण चित्रपट पाहण्यासाठी तिच्यावर दोनदा क्लिक करतो आणि प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम चालवतो. खरा व्हिडिओ पाठवून, तो चालण्यासाठी अमुक प्लेअर किंवा कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारा जोड-प्रोग्रॅम) हवा असा संदेश दाखवणे ही आणखी एक जुनी युक्ती आहे.

जुन्या जाळ्यांवर तर याहून धाडसी प्रकार चाले. २००२ मध्ये काझावर पसरलेला "बेंजामिन" हा कीडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, स्वतःच्या नकला लोकप्रिय गाण्यांची व खेळांची नावे देऊन वाटपाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. पुढे काही किडे त्याहून पुढे गेले. आपण शोधाच्या चौकटीत जे नाव टाइप करू त्याच नावाची फाइल माझ्याकडे आहे, असे ते उत्तर देत. इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये लाइमवायरवर मोजणी केली, तेव्हा प्रोग्रॅम आणि संकुचित (झिपसारख्या) फायली देऊ करणाऱ्या उत्तरांपैकी ६८ टक्क्यांत घातक सॉफ्टवेअर होते. विशेष म्हणजे त्यातील जवळजवळ सगळा वाटा अवघ्या तीन किड्यांचा होता. आपण विचारू त्या नावाला होकार देणारे थोडेच असले तरी ते सगळीकडे दिसतात, हे यावरून कळते.

आज सर्वांत वापरात असलेला वेष म्हणजे क्रॅक. परवाना लागणारे सॉफ्टवेअर परवान्याविना चालावे म्हणून त्यात फेरफार करणारा लहान प्रोग्रॅम म्हणजे क्रॅक आणि खोटा परवाना क्रमांक तयार करणारा तो कीजेन. यांचे कामच मुळी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हात घालण्याचे असल्याने ते संगणकाकडे सर्वाधिकार मागतात आणि आपण ते आनंदाने देतो. घराच्या कुलपाची चोरकिल्ली करून देणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात घराची सगळी कपाटे उघडी करून देण्यासारखे हे आहे.

"पण आमच्याकडे अँटिव्हायरस आहे"

असू द्यावाच. मात्र क्रॅकसोबत बहुधा एक सूचनापत्र येते आणि त्यातील पहिलीच सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. "क्रॅक असल्यामुळे अँटिव्हायरस उगाच ओरडतो, लक्ष देऊ नका," हे वाक्य लोकांनी इतक्या वेळा वाचले आहे की ते त्यांना नियमच वाटते. या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. अँटिव्हायरस क्रॅकला क्रॅक म्हणूनही अडवतो आणि त्याच्या आड दडलेल्या चोरालाही अडवतो. इशारा कोणामुळे आला हे आपल्याला वेगळे करता येत नाही. याशिवाय फाइल पासवर्ड लावून बंद केलेली असेल तर अँटिव्हायरसला उघडण्यापूर्वी आत पाहताच येत नाही. पासवर्ड शेजारच्याच मजकुरात लिहून दिलेला असतो, म्हणजे तो आपल्यापासून काही लपवण्यासाठी नसून तपासनिसापासून लपवण्यासाठी असतो.

अव्हास्ट या कंपनीने २०२१ मध्ये "क्रॅकोनोश" नावाच्या प्रोग्रॅमचा शोध जाहीर केला. तो क्रॅक केलेल्या खेळांसोबत पसरत होता. संगणक पुन्हा सुरू होताना तो त्याला "सेफ मोड" मध्ये नेई. त्या अवस्थेत अँटिव्हायरस चालू नसतो. तेवढ्यात तो संरक्षण काढून टाकी, विंडोजची अद्ययावतीकरणे बंद करी आणि मग निवांतपणे मोनेरो हे आभासी चलन तयार करीत बसे. जगभरात २,२२,००० संगणकांवर तो सापडला, त्यांत भारतातीलही होते, आणि त्यातून २० लाख डॉलरांहून अधिक कमाई झाल्याचा अंदाज कंपनीने दिला.

विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतो आणि त्यात आगंतुकांना अडवण्याची वेगळी कळ आहे. "विंडोज सिक्युरिटी" उघडून "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल" आणि त्यात "रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन" येथे ती सापडते. नव्या संगणकांत ती आधीपासून चालू असते, पण आपल्याकडील जुन्या संगणकांत अनेकदा बंद आढळते. ती चालू करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

"वर्षानुवर्षे वापरतो, कधी काही झाले नाही"

असे सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की झाले असते तर कळले कशावरून असते? जाहिराती दाखवणारा आगंतुक दिसतो, कारण दिसणे हेच त्याचे काम आहे. पासवर्ड चोरणारा मात्र काही मिनिटांत साठवलेले पासवर्ड आणि सुरू असलेल्या खात्यांच्या खुणा बाहेर पाठवतो आणि काही वेळा स्वतःला पुसूनही टाकतो. संगणक मंदावत नाही, पंखा फिरत नाही. परिणाम दिसतो तो महिन्याभराने, कोणीतरी आपल्या ईमेलमधून भलत्यालाच पत्रे पाठवू लागतो तेव्हा.

या मुद्द्यावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण आपल्या भागातील दुकानाचा संगणक हा केवळ दुकानदाराचा नसतो. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत, कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू या संकेतस्थळावरचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत लोकांची आधार कार्डे, पहाण्या, बँकेची पासबुके, मुलांचे दाखले स्कॅन होतात आणि "पुन्हा लागेल" म्हणून त्याच संगणकात पडून राहतात. मी अशा संगणकांवर "डाउनलोड्स" फोल्डरमध्ये शेकडो अनोळखी माणसांची ओळखपत्रे पाहिली आहेत. त्याच फोल्डरात फोटोशॉपचा क्रॅकही असतो. दुकानदाराने पत्करलेली जोखीम प्रत्यक्षात हलगा-हिंडलग्याच्या कोणा शेतकऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते आणि त्या शेतकऱ्याला टोरेंट हा शब्दही माहीत नसतो. काम झाल्यावर गिऱ्हाइकाचे स्कॅन पुसून टाकणे ही सवय मला अँटिव्हायरसइतकीच महत्त्वाची वाटते.

खंडणीखोर प्रकाराची जाण मात्र लगेच येते. "स्टॉप" या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर प्रोग्रॅमांचे कुटुंब मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच पसरले, म्हणून त्याचे बळी मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती वापरणारे आणि लहान धंदेवाले अधिक आहेत. ते प्रत्येक फाइलच्या नावाला नवे शेपूट जोडते आणि ती कुलूपबंद करते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांसाठी एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये फुकट किल्ली प्रसिद्ध केली. नंतरच्या आवृत्त्यांत मात्र बहुतेकांना ती लागू पडत नाही.

"म्हणजे टोरेंटच वाईट का?"

नाही, आणि हे स्पष्ट सांगणे न्यायाचे आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आणि लिब्रेऑफिस त्यांचे कर्ते स्वतः टोरेंटवरून देतात, इंटरनेट अर्काइव्हवरील असंख्य सार्वजनिक पुस्तके व ध्वनिमुद्रणे टोरेंटने उतरवता येतात. कमी वेगाच्या जोडणीवर, वीज जात-येत असताना मोठी फाइल उतरवण्यासाठी यासारखी सोयीची पद्धत नाही, कारण जेथे थांबले तेथून ते पुढे सुरू होते. प्रश्न पहिली प्रत कोणी ठेवली हा आहे. ती प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली असेल तर ठशाची ती तपासणी आपल्या उपयोगी पडते, कारण मग मूळ आणि नक्कल दोन्हींची खात्री होते.

अर्थात येथेही डोळे मिटून चालत नाही. म्युटोरेंट या लोकप्रिय प्रोग्रॅमसोबत २०१५ मध्ये "एपिक स्केल" नावाचा आभासी चलन तयार करणारा प्रोग्रॅम येत असल्याचे वापरणाऱ्यांच्या लक्षात आले आणि मोठी ओरड झाल्यावर ते थांबले. ट्रान्समिशन हा टोरेंटचा प्रोग्रॅम तर प्रामाणिक, मुक्त आणि जाहिरातीविना चालणारा. मार्च २०१६ मध्ये त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच घुसखोरी झाली आणि मॅकसाठीच्या प्रतीत "केरेंजर" हा खंडणीखोर प्रोग्रॅम घालण्यात आला. बसवल्यावर तो तीन दिवस गप्प राही आणि मग एका बिटकॉइनची मागणी करी. कर्त्यांनी तातडीने ती प्रत काढून घेतली. म्हणून प्रसिद्ध झाल्या दिवशीच नवी आवृत्ती बसवण्याची घाई मी करत नाही. चार-सहा दिवस थांबतो.

"मूळ सॉफ्टवेअर परवडत नाही, मग करायचे काय?"

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो आणि त्याला झटकून टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही. दोन माणसांच्या दुकानाला चित्रकामाच्या आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक परवाने जड जातात. शिवाय दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा नियम २०२४ मध्ये आल्यापासून पाट्या-फलक करणाऱ्यांना चांगल्या कन्नड फॉन्टांची गरज वाढली आणि त्याच शोधात पुष्कळ जण अनोळखी संचांकडे वळले. पण कायद्याच्या बाजूने पाहिले तर स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापरणाऱ्याला यात सवलतीची आशा कमीच.

फॉन्टांचा प्रश्न तर आज जवळजवळ सुटलेला आहे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे "मुक्त" आणि "बलू" हे देखणे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आणि व्यापारी वापरासाठीही खुले आहेत, "बलू" चे कन्नड रूपही तेथेच मिळते. कन्नडसाठी "नुडी" सरकारी पाठबळाने फुकट उपलब्ध आहे. उच्चाराप्रमाणे मराठी व कन्नड टाइप करण्याचे कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच आहेत. चित्रकामासाठी इंकस्केप, फोटोंसाठी जिम्प, पुस्तक-मांडणीसाठी स्क्रायबस, उद्यमबागेतील यंत्रभागांच्या रेखाटनांसाठी फ्रीकॅड किंवा लिब्रेकॅड आहे. ही सगळी तोडीस तोड आहेत असे मी म्हणणार नाही. इंकस्केपमध्ये छपाईच्या चार रंगांची व्यवस्था कोरलड्रॉइतकी सोयीची नाही, आणि युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी सामायिक पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांत केलेले जुने अहवाल नव्या फॉन्टांत उघडले की अक्षरांची दैना होते. म्हणून रोजच्या कमाईचे जे एक मुख्य सॉफ्टवेअर असेल त्याचा परवाना घ्यावा आणि बाकीच्या कामांसाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असा मधला मार्ग मी सुचवतो.

संशय आलाच तर

पहिले काम म्हणजे इंटरनेटची तार काढणे किंवा वायफाय बंद करणे, म्हणजे जे बाहेर जात असेल ते थांबेल. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून. त्याच संगणकावरून बदलले तर नवा पासवर्डही चोराच्याच हाती पडतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर २०१७ पासून साफसफाईची साधने विनामूल्य मिळतात. पासवर्ड चोरणारा किंवा खंडणीखोर निघाला तर मात्र मी साफसफाईवर विसंबत नाही. महत्त्वाच्या फायली वाचवून विंडोज नव्याने बसवणे हाच भरवशाचा उपाय आहे. त्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नसावी, कारण जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे; बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणेही आहे. खंडणी देऊन फायली परत मिळतील याची कोणतीही हमी नसते.

शहापूरच्या त्या दुकानात आम्ही हे सगळे केले. विंडोज नव्याने बसवण्यापूर्वी मी शेवटचे म्हणून टोरेंटचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. दुकानदारांनी फॉन्टांचा तो फोल्डर वापरून झाल्यावर तसाच ठेवला होता आणि टोरेंटच्या यादीतील नोंद काढली नव्हती. त्यामुळे दुकान उघडे असेपर्यंत रोज त्यांचा संगणक तेच तुकडे इतरांना वाटत होता. संच दोन जीबीचा होता आणि आठवडाभरात वर गेलेला आकडा एकतीस जीबी दाखवत होता. म्हणजे आमिषासह तो संच आणखी पंधरा जणांना पुरेल इतका त्या एका टेबलावरून बाहेर पडला होता. दुकानदार बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग, त्या लोकांना आता कसे कळवायचे, असे त्यांनी मला विचारले. तसे करण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नव्हता.